एकांताला खिडकी होती

चर्चमधली उपासना संपते, बाहेर चहाचे कप फिरू लागतात, जो तो कुणाशी तरी बोलत असतो. एखादी व्यक्ती मात्र चपला शोधत कडेकडेने निघून जाते आणि घरी पोचल्यावर तिलाच रितं रितं वाटतं. जो चारचौघांत रमत नाही तो विश्वासात कमी पडतो, असा एक समज आपल्या मंडळ्यांत आहे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, त्याला आधार नाही.

माणसाचा एक प्रकार म्हणून 'अंतर्मुख' ही कल्पना मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१च्या ग्रंथामुळे रूढ झाली. ती माणसं मात्र फार जुनी.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचंच बघा. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर एवढा विजय मिळवूनही ईजबेल राणीची धमकी ऐकताच तो पळाला आणि रानात एका झुडपाखाली मरण मागत बसला. देवाने त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं. देवदूताने दोनदा उठवून खायला लावलं. पहिल्यांदा जाग आली तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाणी. पुढे होरेब डोंगरावर 'मीच एकटा उरलोय' असं तो दोनदा म्हणाला. देवाशी एकनिष्ठ असे सात हजार जण शिल्लक आहेत, हे देवाने सांगितलं खरं, पण सोबतीला दिला तो एकटा शिष्य अलीशा. मला हा भाग फार दिलासा देतो.

येशूही पहाटे अंधारात उठून एकटाच प्रार्थनेला जाई. पण गेथशेमाने बागेत जीव कासावीस झाला, तेव्हा त्याने तिघांना बरोबर घेतलं आणि 'माझ्याबरोबर जागे राहा' अशी विनवणी केली.

तिसऱ्या शतकात इजिप्तचा संत अँथनी वाळवंटात गेला आणि एका ओसाड किल्ल्यात सुमारे वीस वर्षं राहिला. चौथ्या शतकात संत बेसिलने उलट सवाल केला: एकट्याने राहिलास तर पाय कुणाचे धुशील, म्हणजे सेवा कुणाची करशील? हा सवाल खरा आहे, पण त्याचा दंडुका करून लाजऱ्या माणसाला गर्दीत ढकलणं बरं नव्हे.

एकांत आणि सोबत या दोन्हींचा मेळ मला दिसतो तो इंग्लंडमधल्या नॉर्विचमध्ये. ज्युलियन नावाने ओळखली जाणारी स्त्री तिथे चर्चला लागून असलेल्या खोलीत कायमची राहिली. १३७३मध्ये आजारपणात झालेली दर्शनं तिने लिहून ठेवली. एका स्त्रीने लिहिलेलं, इंग्रजीत आज उपलब्ध असलेलं ते सर्वांत जुनं पुस्तक मानतात. अशा एकांतवासिनींसाठी १३व्या शतकात लिहिलेल्या नियमपुस्तकात मांजराशिवाय दुसरं जनावर पाळायला मनाई आहे. खिडकीला काळा पडदा असावा आणि त्यावर पांढरा क्रूस, असंही सांगितलं आहे. म्हणजे दार बंद, पण खिडकी होती.

१४१३च्या सुमारास त्या खोलीपाशी मार्जरी केम्प आली. प्रार्थनेत मोठमोठ्याने रडणारी, लोकांना नकोशी झालेली बाई. ज्युलियनने तिला गप्प केलं नाही. हे अश्रू देवाकडचे आहेत, असा धीर दिला. कित्येक दिवस दोघी बोलत राहिल्या.