यकृताच्या कर्करोगातले नॉनकोडिंग आरएनए: ‘स्पंज’च्या दाव्यामागची पार्श्वभूमी

लांब आरएनए छोट्या मायक्रोआरएनएंना ‘स्पंज’सारखे शोषून निकामी करतात, असा दावा यकृताच्या कर्करोगाबाबत वारंवार होतो. हे दोन्ही नॉनकोडिंग, म्हणजे ज्यापासून प्रथिन बनत नाही असे आरएनए; त्यातले मायक्रोआरएनए इवलेसे असतात आणि संदेशवाहक आरएनएला (प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या आरएनएला) चिकटून त्याचं काम दाबतात. यकृतपेशीतल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के वाटा एकट्या एमआयआर-१२२चा. हिपॅटायटिस सीचा विषाणू वाढीसाठी त्याचाच आधार घेतो, हे २००५ मध्ये दिसलं आणि त्याला अडवणारं औषध तयार झालं. त्या औषधाने रक्तातला विषाणू घटतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्याच्या वर्षभर आधीच दोन स्वतंत्र गटांनी उंदरांमधून एमआयआर-१२२चं जनुक काढून पाहिलं होतं: आधी यकृतात चरबी साचली, मग फायब्रोसिस (व्रणासारखी कडक ऊती साचणं) झाला आणि शेवटी गाठी आल्या. माणसातही ज्या गाठींमध्ये एमआयआर-१२२ कमी, त्या जास्त पसरतात.

लांब नॉनकोडिंग आरएनएंकडे लक्ष गेलं ते २००७ पासून, एचयूएलसी नावाच्या आरएनएमुळे. यकृताच्या गाठीत याचं प्रमाण खूप वाढतं. तो एमआयआर-३७२ला स्वतःशी बांधून निकामी करतो, अशी मांडणी २०१० मध्ये झाली. पुढच्याच वर्षी ‘स्पर्धक आरएनए’चं गृहीतक (मायक्रोआरएनए बांधून घेण्यासाठी आरएनए एकमेकांशी स्पर्धा करतात, ही कल्पना) आलं आणि मग जो-तो लांब आरएनए कुठल्या ना कुठल्या मायक्रोआरएनएचा ‘स्पंज’ ठरू लागला.

इथे हिशेब बघायलाच हवा. २०१४ मध्ये उंदराच्या यकृतपेशींवर झालेल्या मोजणीत एमआयआर-१२२ ज्या आरएनएंना दाबतो त्यांच्यावरचा दाब सैल व्हायला प्रत्येक पेशीत किमान दीड लाख जादा बंधनस्थळं (तो चिकटू शकेल अशा जागा) घालावी लागली. ज्या लांब आरएनएच्या पेशीत जेमतेम शेकडो प्रती असतात, तो एवढ्या मुबलक मायक्रोआरएनएला शोषणार कसा? मायक्रोआरएनए मुळातच कमी असेल, तर गणित थोडं बदलतं. तरीही बहुतेक दावे प्लाझ्मिडमधून (बाहेरून घातलेल्या डीएनएच्या वर्तुळातून) तो आरएनए पेशीत भरमसाट वाढवून आणि ल्युसिफरेज या चमकणाऱ्या प्रथिनाची चमक मोजून केलेले असतात. त्यातून बंधन शक्य आहे एवढंच कळतं. नैसर्गिक पातळीवर ते घडतं का, हे कळत नाही. त्यासाठी दोन्ही रेणूंच्या प्रती पेशीगणिक मोजाव्या लागतात आणि मूळ जनुकातलं फक्त बंधनस्थळ क्रिस्परने (जनुक कापण्या-बदलण्याच्या तंत्राने) बिघडवून पाहावं लागतं. ही दोन कामं न केलेला दावा अर्धवटच मानायला हवा.

२०१४ मध्येच वर्णन झालेला एलएनसीआरएनए-एटीबी हा लांब आरएनए या दृष्टीने बोलका आहे. टीजीएफ-बीटा या संकेत देणाऱ्या प्रथिनामुळे तो वाढतो. एमआयआर-२०० कुटुंबाला बांधून तो झेब१ व झेब२ ही जनुकं नियंत्रित करणारी प्रथिनं वाढवतो, पेशींची आपसातली पकड सुटते आणि त्या आजूबाजूच्या ऊतीत घुसतात. हा झाला स्पंजचा भाग. शिवाय तो इंटरल्यूकिन-११ या संकेत देणाऱ्या प्रथिनाच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याला टिकवतो, त्यातून पेशीतलं स्टॅट३ हे प्रथिन चेतवतो आणि दुसऱ्या अवयवात पोचलेल्या पेशींना तिथे रुजू देतो. या दुसऱ्या मार्गाला स्पंजची गरजच नाही, आणि चर्चा मात्र पहिल्याचीच जास्त होते.

उपचाराच्या बाजूने, एमआयआर-३४ए या मायक्रोआरएनएची नक्कल लिपोसोममधून (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांतून) देणारी चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये ती थांबवावी लागली, कारण रुग्णांमध्ये प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर प्रतिक्रिया उमटल्या आणि काही रुग्ण दगावले.