कुकीजचं आयसिंग: ग्लेझ कधी आणि रॉयल कधी

वाटीत दोन्ही सारखीच दिसतात. पांढरी, चकचकीत, चमच्यावरून सावकाश ओघळणारी. दोन्हींत मुख्य माल आयसिंग शुगरच, आणि व्हिडिओंमध्ये दोघांनाही सरसकट ‘आयसिंग’ म्हणून मोकळे होतात. फरक कळतो तो दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर. एका डब्यातल्या कुकीज सुट्या आणि कोरड्या असतात, दुसऱ्यातल्या एकमेकींना चिकटून वरची नक्षी पुसून गेलेली असते. चूक हाताची नसते, आयसिंगची निवड चुकलेली असते.

ग्लेझ म्हणजे थोड्याशा दुधात किंवा पाण्यात कालवलेली आयसिंग शुगर. त्यातलं पाणी उडालं की वरच्या थरातली साखर पुन्हा स्फटिक धरते आणि पातळ पापुद्रा तयार होतो. साखरेला धरून ठेवणारं दुसरं काहीच त्यात नसतं, म्हणून ग्लेझ आतून मऊसर राहतं. रॉयल आयसिंगमध्ये अंड्यातला पांढरा भाग किंवा मेरिंग पावडर (मुख्यतः वाळवलेल्या पांढऱ्या भागाची पूड) असते. फेटताना त्यातल्या प्रथिनांची जाळी तयार होते, ती हवा आणि साखर दोन्ही धरते आणि वाळल्यावर थर आरपार कडक होतो. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

‘झटपट’ या शब्दावर इथेच घोळ होतो. ग्लेझ दोन मिनिटांत कालवून होतं, पण हात लावण्याजोगं सुकायला 12 ते 24 तास घेतं. रॉयल करायला दहा मिनिटं आणि बीटर लागतो, पण अर्ध्या तासात त्यावर साय धरते आणि रात्रभरात, म्हणजे 8 ते 10 तासांत, कुकीज एकावर एक रचता येतात. संध्याकाळी घरीच खाऊन संपणार असतील तर ग्लेझ करा. उद्या डब्यात भरून पुण्या-मुंबईला पाठवायच्या असतील, तर ग्लेझचा वाचलेला वेळ सुकवण्यात दुप्पट जाईल.

ग्लेझ: बुडवा आणि उचला

120 ग्रॅम आयसिंग शुगर चाळून घ्या. त्यात 3 चहाचे चमचे दूध, 2 चमचे लिक्विड ग्लुकोज आणि पाव चमचा व्हॅनिला घालून चमच्यानेच कालवा. लिक्विड ग्लुकोज फार चिकट असतं. चमचा आधी पाण्यात बुडवून घेतला की सहज निघतं. ते टाळू नका. चकाकी त्यानेच येते, आणि चावताना ग्लेझचा भुगा होत नाही तेही त्याच्यामुळेच. दूध आणखी लागलं तर थेंबाथेंबाने वाढवा, कारण अर्धा चमचा जास्त पडला तरी ग्लेझ कडेवरून खाली ओघळतं. तसं झालंच तर एकेक चमचा आयसिंग शुगर मिसळत परत घट्ट करा. एवढ्या ग्लेझमध्ये 5 सेंटीमीटरच्या पंधरा-वीस कुकीज होतात.

पसरट वाटीत ग्लेझ काढा. कुकी कडांनी धरून पालथी करा आणि वरचा भाग ग्लेझला फक्त टेकवा, दाबायची नाही. सरळ उचला, तिरकी धरून पाचेक सेकंद जास्तीचं निथळू द्या, मग उलटी करून जाळीवर ठेवा. बुडबुडे टूथपिकने लगेच फोडा. वर पिस्त्याचे काप किंवा रंगीत शुगर बॉल्स घालायचे असतील तर मिनिटभराच्या आत घाला, साय धरल्यावर ते चिकटत नाहीत.

सर्वांत कमी कष्टाची नक्षीही ग्लेझमध्येच होते. पांढऱ्या ग्लेझच्या पृष्ठभागावर जेल रंगाचे दोन-तीन थेंब टाका, टूथपिक एकदाच, फार तर दोनदा, फिरवा आणि कुकी टेकवून किंचित वळवत उचला. संगमरवरी नक्षी येते आणि प्रत्येक कुकीची वेगळी. चार-पाच कुकीज झाल्या की रंग मिसळून एकच फिकट छटा उरते. तेव्हा ती वाटी बाजूला ठेवून नवीन घ्या.

नाशिककरांसाठी एक खास गोष्ट. द्राक्षांच्या हंगामात वाटीभर काळी द्राक्षं सालींसकट चेचून गरम करा, गाळा आणि रस दोन-तीन चमचे उरेपर्यंत मंद आचेवर आटवा. थंड झाल्यावर तो दुधाच्या जागी वापरा (दूध आणि हा रस एकत्र करू नका, दूध फाटतं). रंग सालीतून येतो, म्हणून साल काढायची नाही. ग्लेझमध्ये छान जांभळट गुलाबी छटा येते, दोन थेंब लिंबू पिळलं की ती आणखी उघडते. हाच रस कच्च्या अंड्याच्या रॉयलमध्ये घातला तर रंग राखाडी-निळसर पडतो. अंड्याचा पांढरा भाग अल्कधर्मी असतो आणि द्राक्षाचा रंग आम्लात गुलाबी, अल्कात निळा होतो. म्हणून फळांच्या रसाचे प्रयोग ग्लेझपुरतेच ठेवावेत.

रॉयल: रेघ आणि भरणी

मेरिंग पावडरचं प्रमाण असं: 225 ग्रॅम आयसिंग शुगर, दीड मोठा चमचा मेरिंग पावडर, अडीच ते तीन मोठे चमचे कोमट पाणी. बीटर मंद गतीवर ठेवून पाच-सात मिनिटं फेटा, चमक जाऊन टोकं उभी राहिली की थांबा. अंडं वापरायचं तर एका अंड्याच्या पांढऱ्या भागाला, म्हणजे साधारण 30 ग्रॅमला, 170 ते 180 ग्रॅम आयसिंग शुगर आणि अर्धा चमचा लिंबाचा रस. कच्चं अंडं लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसांना देऊ नये. त्यांच्यासाठी मेरिंग पावडरच.

अंडं न खाणाऱ्या घरांत काबुली चण्याचं पाणी चालतं. चणे रात्रभर भिजवून, मीठ आणि सोडा न घालता शिजवा, त्याच पाण्यात गार होऊ द्या, मग पाणी गाळून बोटांना किंचित चिकट लागेपर्यंत आटवा. असं तीन मोठे चमचे गार पाणी फेस येईपर्यंत फेटून त्यात 240 ते 260 ग्रॅम आयसिंग शुगर थोडी थोडी मिसळा. चण्याचा वास वाळताना जातो, लिंबू किंवा व्हॅनिला घातलं की लक्षातही येत नाही. हा थर अंड्याच्या रॉयलपेक्षा जरा उशिरा आणि थोडा कमी कडक वाळतो.

रॉयलचा एकच कट्टर शत्रू: तेलकटपणा. भांड्याला लोण्याचा हात लागला असेल, किंवा पांढऱ्या भागात पिवळ्या बलकाचा ठिपका पडला असेल, तर ते फुगत नाही आणि वाळल्यावरही ठिसूळ राहतं. प्लॅस्टिकच्या वाडग्यात तुपाचा अंश धुतल्यावरही राहतो. स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्या आणि लिंबाच्या फोडीने आतून पुसून घ्या. दुधाचाही रॉयलमध्ये काही संबंध नाही, आणि दोन पाककृती एकमेकींत मिसळल्या जातात त्या नेमक्या इथे. ग्लेझचं दूध रॉयलमध्ये गेलं की कामच बिघडतं.

घट्टपणा सेकंदांत मोजा. आयसिंगमधून सुरीने एक रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर ते कडा काढायला, ती 10 ते 12 सेकंदांत मिटली तर आतली भरणी करायला. मधला मार्ग म्हणजे 18 ते 20 सेकंदांचं एकच आयसिंग, त्यानेच कडाही काढायची आणि भरायचंही. घरच्या कामाला हा मधला मार्गच बरा. दोन घट्टपणांची चार रंगांत आठ वाट्या सांभाळत बसण्यात जीव नको घालवायला. पाणी वाढवताना अर्धा-अर्धा चमचा घाला. नोझल नसेल तर बटर पेपरचा मेंदीसारखा कोन वळून टोक बारीक कापा. कडा काढून पाच-दहा मिनिटं थांबा, मग आत भरून टूथपिकने कोपऱ्यांपर्यंत ढकला. वाटी उघडी ठेवू नका. रॉयलवर काही मिनिटांत कवच येतं आणि त्याचे कण नोझलमध्ये अडकतात. ओलं फडकं झाकणासारखं घातलं की पुरतं.

घरी मिक्सरला काढलेली पिठीसाखर चालेल का? ग्लेझला चालते: 100 ग्रॅम साखरेत एक चमचा कॉर्नफ्लोअर घालून दळायची आणि दोनदा बारीक चाळणीतून काढायची. जिभेला किंचित कण लागतात, एवढंच. रॉयलसाठी मात्र विकतची आयसिंग शुगरच घ्या. घरच्या पिठीतले कण बारीक नोझल तुंबवतात आणि वाळलेला थर खरखरीत दिसतो.

काय बिघडतं

ग्लेझवर वाळताना पांढरे डाग उमटतात. ते बुरशीचे नसतात, साखरेचे स्फटिक असतात. ग्लेझ फार पातळ असेल किंवा कुकीज फ्रिजमधून बाहेर आणि परत आत करत राहिलात तर ते हमखास येतात. आयसिंग केलेली कुकी फ्रिजमध्ये ठेवूच नये, बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं आणि दोन्ही प्रकार ओघळतात.

रॉयलच्या बारीक जागांत, म्हणजे अक्षरांत किंवा फुलाच्या पाकळीत, वाळताना खड्डा पडतो. पातळ आयसिंगला तिथे आधार नसतो. अशा जागी घट्ट आयसिंग वापरा आणि कुकी भरल्या भरल्या पंख्याखाली ठेवा. वरचा थर लवकर धरला की बसत नाही. पांढऱ्यावर लाल किंवा हिरवं काढायचं असेल तर पांढरा थर रात्रभर वाळू द्या, नाहीतर गडद रंग फुटतो. रंग जेलचेच वापरा, पातळ द्रवरंगाने दोन्ही आयसिंग सैल होतात. रॉयलचा रंग वाळल्यावर गडद होतो, म्हणून हवा त्यापेक्षा एक छटा फिका ठेवा.

कुकीवर तेलकट डाग उठणं हा मात्र आयसिंगचा दोष नाही. कुकी गरम असताना आयसिंग केलं, किंवा कुकीतच लोणी भरमसाट असलं, की डाग उठतात. ओव्हनमधून काढल्यावर निदान तासभर जाळीवर राहू द्या. दिवाळीला बेकरीतून भाजून आणतो ती नानकटाई यासाठी घेऊ नये. तुपाने भरलेली आणि वरून फुगून तडकलेली असते, तिच्यावर रॉयलची रेघ सरळ बसत नाही. अर्धी ग्लेझमध्ये बुडवली तर चालते, चवही जमते. रॉयलसाठी 5-6 मिलिमीटर जाडीची, लाटून कापलेली, भाजण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये गार केलेली सपाट कुकी लागते.

हवामानाचं नाशिकला बरं आहे. ख्रिसमसच्या सुमारास हवा कोरडी आणि थंड असते, फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेपर्यंत तशीच राहते. त्या दिवसांत ग्लेझही रात्रीत बऱ्यापैकी धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये साखर हवेतलं पाणी ओढत राहते आणि राखीपौर्णिमेच्या कुकीज ग्लेझ केल्या तर दुसऱ्या दिवशीही बोटांना चिकटतात. पावसाळ्यात रॉयलच करा, तेही पातळ थराचं. बंद खोलीत पंख्याखाली वाळवा. ओव्हन वापरायचाच तर सर्वांत कमी तापमानावर दोन मिनिटं चालवून बंद करा आणि आत हात आरामात धरवेल एवढाच कोमट झाल्यावर कुकीज पंधरा मिनिटं ठेवा, दार किलकिलं ठेवून. त्याहून जास्त ऊब लागली तर आयसिंगवर पिवळट झाक येते.

डब्यात भरताना ग्लेझच्या कुकीज एकाच थरात, वर बटर पेपर घालून ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. मेरिंग पावडरच्या रॉयलच्या कुकीज पूर्ण वाळल्या असतील तर हवाबंद डब्यात दहा-बारा दिवस टिकतात आणि कुरिअरचा प्रवासही सोसतात. उरलेलं ग्लेझ, त्यात दूध असेल तर, त्याच दिवशी संपवा. मेरिंग पावडरचं उरलेलं रॉयल मात्र झाकून फ्रिजमध्ये काही दिवस राहतं. खाली पाणी सुटलेलं दिसलं तरी टाकू नका, बीटर न लावता चमच्यानेच ढवळून घेतलं की ते पुन्हा एकजीव होतं.