यकृताची उपासमार

कोलेस्टेरॉलची गोळी रक्तातली चरबी विरघळवते, असं ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनाही वाटत असतं. पण ही गोळी, म्हणजे स्टॅटिन, रक्तातल्या चरबीला हातही लावत नाही. ते यकृताची उपासमार करतं.

शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते आपल्या पेशीच बनवतात. स्टॅटिन या कामातलं एक कळीचं एन्झाइम अडवतं. यकृताच्या पेशीला चणचण भासली की ती आपल्या पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर उभे करते आणि ते शेजारून वाहणाऱ्या रक्तातले एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण पकडून आत ओढतात. हे रिसेप्टर शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. काही मुलांमध्ये जन्मतःच हे रिसेप्टर जवळपास नसतात. त्यांना शाळकरी वयातही हार्ट अटॅक येऊ शकतो, आणि स्टॅटिनचा त्यांना फारसा उपयोग होत नाही. भूक लागली तरी घास उचलायला हात नकोत का?

पहिलं स्टॅटिन बुरशीतून निघालं. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला 6,000 हून अधिक बुरशी आणि तत्सम सूक्ष्मजीव तपासले. तांदळावरच्या एका निळसर-हिरव्या बुरशीत हवा तो पदार्थ सापडला, पण उंदरांना दिला तर त्यांचं कोलेस्टेरॉल ढिम्म हललं नाही. प्रकरण तिथेच गुंडाळलं जायचं, तेवढ्यात अंड्यावरच्या कोंबड्यांवर प्रयोग करून बघायचं ठरलं. बलकासाठी कोंबडी भरपूर कोलेस्टेरॉल बनवते. तिच्या रक्तात ते जवळपास निम्म्यावर आलं! त्याच जातकुळीतलं लोवास्टॅटिन 1987 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं.

रिपोर्टमधला आकडा सुधारला म्हणजे धमनी सुधारली, असं मात्र नाही. ‘चांगलं’ एचडीएल भरघोस वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिबची चाचणी 2006 मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होत होते.

एलडीएलचा रिसेप्टर कण आत सोडून पुन्हा पृष्ठभागावर येतो, अशा कितीतरी फेऱ्या मारतो. पीसीएसके9 नावाचं प्रथिन त्याला चिकटलं की परतीची वाट बंद. पेशी त्याला मोडीत काढते. हे प्रथिन अडवणारी इंजेक्शनं 2015 पासून मिळतात. त्यांच्यामागची कल्पना माणसांकडूनच आली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काही कृष्णवर्णीयांमध्ये या प्रथिनाचा जनुक जन्मतःच बिघडलेला आढळला. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा 28 टक्क्यांनीच कमी होतं, पण हृदयविकाराचं प्रमाण तब्बल 88 टक्क्यांनी कमी. पन्नाशीत गोळी सुरू करून एलडीएल तेवढंच उतरवलं तर पाच वर्षांत इतका फायदा दिसत नाही. फरक काळाचा आहे: धमनीच्या भिंतीत चरबी साचायला तरुणपणीच सुरुवात झालेली असते, आणि त्या लोकांचं एलडीएल तेव्हाही कमीच होतं.