लंबक आणि ऊर्जेचा हिशोब

लंबक म्हणजे दोऱ्याला टांगलेला गोळा. बाजूला ओढून सोडला की तो झुलतो, आणि झुलताना ऊर्जा नव्याने तयार होत नाही की नाहीशीही होत नाही, नुसती रूप बदलते. टोकाला गोळा क्षणभर थांबतो तेव्हा सगळी स्थितिज (उंचीमुळे असलेली), मधोमध तळाला आला की सगळी गतिज (वेगामुळे असलेली), अधेमधे कुठेही बघा, बेरीज तेवढीच. दोरा गोळ्याला सतत ओढत असतो खरा, पण ती ओढ गतीला कायम काटकोनात, त्यामुळे दोरा काम काहीच करत नाही, म्हणजे ऊर्जा देत नाही की घेत नाही.

वरची स्थितिज ऊर्जा बरोबर तळाची गतिज ऊर्जा, या गणितात वस्तुमान दोन्हीकडून कटून जातं, म्हणजे गोळा लोखंडी असो नाहीतर लाकडी, ५ सेंटिमीटर वरून सोडलात तर तळाला वेग सेकंदाला साधारण १ मीटरच येणार, आणि वेग दुप्पट हवा तर उंची चौपट, म्हणजे २० सेंटिमीटर लागते. हे पोरांना पटकन पटत नाही. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात वेग फक्त उंचीवर ठरतो याचा मस्त प्रयोग दिलाय: झुलणाऱ्या दोऱ्याच्या वाटेत खिळा ठोकायचा, दोरा खिळ्याला अडतो, वाट बदलते, पण गोळा चढतो त्याच उंचीपर्यंत! (खिळा फारच खाली ठोकलात तर मात्र दोरा त्याला गुंडाळला जातो.)

शाळेत करायचा तर नाकाचा प्रयोग बेस्ट. जड गोळा नाकाला टेकवून नुसता सोडायचा आणि डोकं जराही हलवायचं नाही, परत येताना तो नाकाच्या किंचित अलीकडेच थांबतो. सोडताना ढकललात तर नाक गेलंच, कारण ती जास्तीची ऊर्जा तुम्हीच दिलेली असते.

'किंचित अलीकडे' का, तर हवेचा विरोध आणि टांगणीपाशी होणारं घर्षण, तेवढी ऊर्जा उष्णता होऊन जाते. पेठेतल्या वाड्यातला झोपाळा करकरतो ती हीच गळती, म्हणून अधूनमधून पायाने रेटा द्यावा लागतो. लंबकाच्या घड्याळात हे काम वजन किंवा स्प्रिंग करते.

पुण्यात मोठा लंबक बघायचा तर विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत फुको लंबक आहे. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने असा लंबक पॅरिसमध्ये १८५१ साली दाखवला, पृथ्वी फिरते हे सिद्ध करायला: ती फिरते म्हणून लंबकाच्या झुलण्याची दिशा हळूहळू वळत जाताना दिसते. पुण्याच्या अक्षांशावर अशा लंबकाच्या झुलण्याची दिशा पूर्ण फिरायला सुमारे ७५ तास लागतात, पॅरिसला ३२ च्या आसपास, आणि एवढा वेळ कोणताच लंबक आपल्या जिवावर नीट झुलत नाही, त्यामुळे असे लंबक सतत चालू ठेवायचे तर बहुतेक ठिकाणी विद्युतचुंबकाने हलका झटका देत राहतात.