आधी काम, मग मत: इंदूरच्या ख्रिस्ती बायकांच्या नेतृत्वाची पार्श्वभूमी

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. त्याच्या आगेमागे चर्चमध्ये महिलांचा रविवार होतो, शिबिरं लागतात, आणि बायबलमधल्या दबोरा, एस्तेर, प्रिस्किल्ला यांची नावं घेऊन वक्ते सांगतात की भगिनींनो, घाबरू नका, पुढे या. इंदुरातल्या मराठी ख्रिस्ती घरांतल्या बायका हे दर वर्षी हिंदीतून ऐकतात. उपासना बहुधा हिंदीत, घरी बोलणं मराठीत आणि आजीच्या वेळचं ‘उपासना संगीत’ हे मराठी गीतांचं पुस्तक अजून कपाटात, असा त्यांचा तिपेडी संसार. उपदेशाचा हेतू चांगलाच आहे. पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की बायकांच्या अंगी धीर कमी आहे आणि तो कुणीतरी द्यायचा आहे. माळव्यातला गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. इथे बायकांनी काम आधी केलं. मत, पद आणि व्यासपीठ त्यांना फार मागून मिळालं, काहींना मिळालंच नाही.

कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं मध्य भारतातलं मिशन इंदुरात 1877 मध्ये सुरू झालं. रेव्हरंड जे. एम. डग्लस इथे आले आणि रेव्हरंड कॅम्पबेल महूला बसले, असा त्याचा आरंभ सांगतात. मात्र त्याच्या चार वर्षं आधी, 1873 मध्ये, त्याच चर्चच्या दोन अविवाहित बायका भारतात येऊन पोचल्या होत्या: मॅरियन फेअरवेदर आणि मार्गारेट रॉजर. उत्तरेत अमेरिकन मिशनबरोबर काम करून, भाषा शिकून त्या पुढे इंदुरास आल्या. म्हणजे पाद्रीसाहेबांना हा देश नवा होता तेव्हा या दोघींना तो अंगवळणी पडला होता.

बायका पाठवण्यामागे समतेचा विचार होता असं मानायचं कारण नाही. कारण सरळ व्यवहाराचं होतं. सरदारांच्या वाड्यांत, मध्यमवर्गीयांच्या माजघरांत परक्या पुरुषाला उंबरा ओलांडता येत नव्हता आणि आतल्या बायकांशी बोलायचं तर बाईच हवी होती. त्यातून कॅनडात 1876 मध्ये बायकांची स्वतंत्र परदेशी मिशनरी सोसायटी उभी राहिली. खेड्याखेड्यांतल्या शेतकरणींनी आणि शिक्षिकांनी पै-पैसा गोळा करून तो इंदूर-महूच्या कामासाठी पाठवला. पैसा बायकांचा, काम बायकांचं. कोण कुठे जाणार, कुणाला परत बोलवायचं, हे मात्र पुरुषांची समिती ठरवी. फेअरवेदरबाईंना थोड्याच वर्षांत याचा अनुभव आला. त्या फटकळ होत्या, सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले, कुजबुज झाली आणि 1880 च्या सुमारास त्या कामावरून दूर झाल्या. पुढे त्यांनी वैद्यकीचं शिक्षण घेतलं. मिशनच्या इतिहासात त्यांना दोन-चार ओळी मिळतात आणि त्याही अवघडल्यासारख्या लिहिलेल्या असतात.

धाडसाचा खरा नमुना पाहायचा तर डॉ. एलिझाबेथ बीटी यांचा. 1882 च्या अखेरीस कॅनडातल्या किंग्स्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांनी दंगा मांडला: या बायका वर्गात बसणार असतील तर आम्ही सगळे टोरांटोला जातो. प्राध्यापक नमले. शेवटी 1883 मध्ये बायकांसाठी वेगळं महाविद्यालय काढावं लागलं आणि 1884 मध्ये तिघी जणी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. बीटी त्यांतल्या एक. त्याच वर्षी त्या जहाजात बसल्या आणि इंदुरास आल्या. हा काळ मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी तेव्हा फिलाडेल्फियात शिकत होत्या, त्यांची पदवी 1886 ची. ‘डॉक्टरीणबाई’ ही वस्तू शहरात कुणी पाहिली नव्हती अशा दिवसांत बीटी इथे दवाखाना चालवत होत्या. 1886 मध्ये डॉ. मॅरियन ऑलिव्हर त्यांना येऊन मिळाल्या आणि 1891 मध्ये बायकांचं स्वतंत्र इस्पितळ उभं राहिलं. धारला डॉ. मार्गारेट ओ’हारा आणि नीमचला डॉ. मार्गारेट मॅकेलर यांनी हाच क्रम पुढे चालवला.

तो काळ मिशनला सोपा नव्हता. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या दरबाराला शहरात मिशनचा प्रचार नको होता, त्यामुळे कामाचा रेटा इंग्रजांच्या रेसिडेन्सी आणि छावणीच्या बाजूला राहिला. चौकात उभं राहून प्रवचन करणाऱ्या पाद्र्याला हाकलता येत असे. बाळंतपणात अडलेल्या सुनेसाठी रात्री बोलावलेल्या डॉक्टरीणबाईला कोण हाकलणार? शहराच्या आतल्या घरांशी मिशनचं नातं जुळलं ते बरंचसं या बायकांमुळे.

आणि तरीही, शस्त्रक्रियेचा निर्णय एकटीने घेणाऱ्या बाईला मिशनच्या बैठकीत मत असावं का, यावर माळव्यातल्या मिशनमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला. ज्या चर्चने बीटींना पाठवलं त्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चने बाई पाळक होऊ शकते हे मान्य केलं ते 1966 मध्ये. त्याच चर्चचा मोठा भाग इतर चर्चांशी एक होऊन 1925 मध्ये झालेल्या संयुक्त चर्चमध्ये लिडिया ग्रुची यांची पाळकपदाची दीक्षा 1936 ची. बीटी इंदुरास आल्या त्याला तेव्हा बावन्न वर्षं झाली होती.

या गोऱ्या बायकांची निदान नावं तरी उरली. बायबल सांगायला त्यांच्याबरोबर घरोघर हिंडणाऱ्या देशी ‘बायबल बाई’चं तेवढंही उरलेलं नाही. ती बहुतेक वेळा विधवा असे किंवा दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेली. वाचायला शिकलेली असे. काखेत पिशवी, पिशवीत एखादं शुभवर्तमान आणि बाराखडीचं पुस्तक, डोक्यावरून पदर. मड्डम पालखीतून किंवा टांग्यातून उतरली की आधी हिने पुढे होऊन विचारायचं, आत येऊ का. घरात कुठे बसायचं, कशाला हात लावायचा नाही, सासू समोर असताना सुनेशी किती बोलायचं, हे सगळं हिला ठाऊक. जातीने वाळीत टाकलेलं, पगार तुटपुंजा आणि अहवालात तिची गणती नुसत्या आकड्याने. मड्डम बदलून गेल्या तरी ही त्याच गल्ल्यांत जात राहिली. ख्रिस्ती समाजातल्या बाईच्या नेतृत्वाची पहिली पायरी शोधायची तर मला ती हिच्यापाशीच सापडते. मिशनच्या बंगल्यात नाही. आज चर्चच्या अनेक मंडळ्यांत घरोघर जाऊन प्रार्थना घेणाऱ्या, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या बायका आहेत. त्यांना त्या कामाचा काही हुद्दा नसतो. हा वारसा तिचाच.

मराठी बायकांना आणखी एक आधार होता, तो दक्षिणेकडून आला. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि नंतर त्या चेल्टनमच्या महाविद्यालयात राहिल्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विषय निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. हे तिच्या पुढच्या कामाला बाधक होईल, असं त्यांचं म्हणणं. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर शास्त्रार्थ करून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवली, तिने पुरुषांना शिकवू नये! रमाबाईंनी हे मुकाट्याने ऐकून घेतलं नाही. त्यांची त्या वेळची पत्रं वाचली म्हणजे कळतं की धर्म बदलल्याने त्यांनी आपली बुद्धी कुणाकडे गहाण टाकली नव्हती.

पुढे 1889 मध्ये शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती सदन, 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः हिंडून आणलेल्या शेकडो मुली, हे सर्वपरिचित आहे. कमी बोललं जातं ते केडगावच्या छापखान्याबद्दल. उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करायला बसल्या. खिळे जुळवणं, मुद्रितं काढणं, छपाई हे काम आश्रमातल्या मुली करत. कालपर्यंत जिला अन्न मागायला तोंड नव्हतं ती मुलगी शास्त्रातली ओळ उलट्या खिळ्यांत वाचत होती. रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये वारल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं. आत्मविश्वास देण्याची यापेक्षा चांगली पद्धत माझ्या पाहण्यात नाही: जबाबदारी द्यायची, तीही खरी, चुकली तर दिसेल अशी.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट वेगळी. नवरा, कवी नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, त्या झाल्या नाहीत. जवळजवळ पाच वर्षं त्यांनी विचार केला, रडल्या, भांडल्या, सोवळं सांभाळलं आणि मग स्वतःच्या पायांनी चालत त्या श्रद्धेपाशी आल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हातात घेतलं. टिळकांचे दहा-अकरा अध्याय झाले होते, बाईंनी त्यात साठाहून अधिक घातले. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगायला त्यांनी कुठल्या समितीची परवानगी काढली नव्हती. 1933 मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आलं. इंदुरातल्या जुन्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत टिळकांची भजनं अजून म्हटली जातात. लक्ष्मीबाईंचं गद्य त्याहून कमी वाचलं जातं, हे खटकतं.

चर्चच्या आवारातलं धाडस घराच्या दारात का अडतं, याचं एक उत्तर कायद्यात होतं. 1869 च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरपणा, परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर सुटका नाही. केरळ उच्च न्यायालयाने 1995 मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये यावर बोट ठेवलं, संसदेने 2001 मध्ये कायदा बदलला. 132 वर्षं. या काळात किती महिला मंडळांच्या अध्यक्षा रविवारी एस्तेरवर बोलून घरी गेल्या असतील आणि घरात काय सोसत असतील, याचा हिशेब कुठल्या वहीत नाही.

इंदूरच्या परिसरातलं सगळ्यात अलीकडचं आणि सगळ्यात जड नाव सिस्टर राणी मारिया यांचं. त्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या कॅथलिक जोगिणींच्या संघाच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला 1992 पासून त्या आदिवासी शेतमजुरांबरोबर काम करत होत्या: बचत गट, बँकेचं कर्ज, सरकारी योजनांचे अर्ज. यात बाटवाबाटवी नव्हे, सावकारांच्या धंद्याला धोका होता आणि राग आला तो तिथूनच. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, भरदिवसा, प्रवाशांदेखत त्यांना भोसकून मारलं. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही जोगीणच, पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरच्या, घोषित केलं गेलं. या प्रसंगातलं हौतात्म्य सगळे सांगतात. कर्जाचा अर्ज भरून देणं हेही तितकंच धोक्याचं धाडस होतं, हे मागे पडतं.

प्रॉटेस्टंट बाजूला 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं; इंदूर त्याच्या भोपाळ धर्मप्रांतात येतं. दक्षिण भारतीय चर्चने 1976 मध्ये पहिली बाई पाळक नेमली, 2013 मध्ये पुष्पा ललिता या तिथल्या पहिल्या महिला बिशप झाल्या. उत्तरेत ती पाळी 2024 मध्ये आली, ओडिशातल्या फुलबनीच्या व्हायलेट नायक यांच्या रूपाने. वरच्या टोकाला दार उघडलं म्हणायला हरकत नाही.

खालच्या टोकाला, स्थानिक चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत, चित्र संथ आहे. महिला प्रतिनिधी असते, नाताळच्या केकची आणि सहभोजनाची यादी तिच्याकडे येते, आजाऱ्यांच्या भेटी तिच्याकडे येतात. मालमत्ता, भाडेकरू, कोर्टातले दावे आणि चेकवरची सही मात्र तिच्याकडे फारशी येत नाही. मिशनच्या जुन्या जमिनींचे भाव आज कोटींत आहेत आणि भांडणं तिथेच आहेत. ज्या बायका बँकेत, शाळांत, इस्पितळांत दिवसभर लाखोंचे हिशेब पाहतात, त्यांना चर्चच्या खजिनदारपदासाठी ‘धीर’ हवा असं सांगणं मला विनोदी वाटतं. त्यांना निवडणुकीत सूचक आणि अनुमोदक हवा आहे, आणि बैठक रात्री नऊऐवजी संध्याकाळी सहाला हवी आहे.