एक वेगवान हार्ड डिस्क की रेड ० मधल्या दोन?

दोन डिस्क रेड ० मध्ये (डेटा दोघींत वाटून एकाच डिस्कसारख्या वापरण्याच्या पद्धतीत) जोडल्या की कॉम्प्युटर दुप्पट वेगवान होतो, हा समज अर्धाच खरा आहे. मोठी फाइल सलग वाचण्या-लिहिण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. पण डेटा यायला सुरुवात होईपर्यंत जी वाट पाहावी लागते, ती तेवढीच राहते. रोजच्या वापरात माणूस वैतागतो तो बहुधा या वाट पाहण्यानेच.

७,२०० आरपीएमची (मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची) तबकडी एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत पुरी करते. हवा तो सेक्टर (तबकडीवरचा डेटाचा छोटा भाग) हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद लागतात. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर (तबकडीवरच्या वर्तुळाकार पट्ट्यावर) न्यायला साधारण ८-९ मिलिसेकंद गेलेले असतात. १०,००० आरपीएमला अर्धी फेरी ३ मिलिसेकंदांत होते आणि अशा डिस्कचे हेडही सहसा चपळ असते. विंडोज सुरू करणे, हजारो छोट्या फाइली चाळणे अशा कामांत ही एकटी डिस्क ७,२०० च्या जोडीला मागे टाकते. (याच कामांसाठी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, परवडत असेल तर दोन्ही पर्याय सोडा, तिच्यात फिरणारे काहीच नसते.)

रेड ० मध्ये डेटाचे तुकडे, बहुतेकदा ६४ किंवा १२८ किलोबाइटचे, आळीपाळीने दोन्ही डिस्कवर लिहिले जातात. ४ किलोबाइटचे वाचन एकाच तुकड्यात उरकते आणि दुसरी डिस्क नुसती बसून राहते. मग तुकडाच लहान करावा, असे वाटते. तसे करू नका. दोन्ही डिस्कना कामाला लावले की उशिरा पोचणारीसाठी थांबावे लागते. स्वतंत्रपणे फिरणाऱ्या दोन तबकड्यांत ही सरासरी अर्ध्या फेरीऐवजी दोन तृतीयांश फेरीवर, म्हणजे ५.५६ मिलिसेकंदांवर जाते. मागण्या एकाच वेळी अनेक येत असतील, तर मात्र मोठ्या तुकड्यांचा फायदा होतो, कारण दोन डिस्क दोन वेगळ्या मागण्या पुरवतात.

रेड ० ची खरी जागा व्हिडिओ एडिटिंगच्या तात्पुरत्या डेटासाठी. सेकंदाला २०० मेगाबाइट देणारी डिस्क ४० गीगाबाइटचे फुटेज वाचायला २०० सेकंद घेते, जोडी साधारण १००. तेच फुटेज गिगाबिट नेटवर्कवरून येत असेल, तर वरची मर्यादाच १२५ मेगाबाइट. ती एका डिस्कनेही भरते, दुसरीवरचा खर्च वाया.

जोखीम नीट समजून घ्या. रेड ० मध्ये जादा प्रत कुठेच नसते. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ३ टक्के धरली, तर दोनपैकी एखादी बिघडण्याची ५.९ टक्के आणि चारपैकी एखादीची ११.५ टक्के होते. एक गेली की सगळा ॲरे, म्हणजे जोडलेल्या डिस्कचा संच, गेला. शिवाय साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी बराच वेळ खटपट करते, आणि तेवढ्यात हार्डवेअर रेड कंट्रोलर (ॲरे सांभाळणारे वेगळे कार्ड) तिला बंद पडलेली समजून ॲरेबाहेर काढू शकतो.

जोडी करायचीच असेल तर एकाच मॉडेलच्या, एकाच क्षमतेच्या डिस्क घ्या. १ आणि २ टेराबाइट जोडल्यास सहसा २ टेराबाइटच मिळतात. ॲरे बनवताना दोन्हींवरचा जुना डेटा पुसला जातो. मदरबोर्डवरचे रेड वापरत असाल, तर बोर्ड बदलण्याआधी पूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या काही फाइली उघडून पाहा. नवा बोर्ड जुना ॲरे ओळखेलच असे नाही.