खोकं अस्सल, मेंदू उसना

मागची फळी उघडली तेव्हा आत काहीच नव्हतं. म्हणजे बोटभर धूळ होती, कातरलेल्या वायरींचा एक झुपका लोंबत होता, मॉनिटर जिथे बसायचा तिथे चार बोल्टांची भोकं होती. ऐंशीच्या दशकातलं, माणसाच्या उंचीचं आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं खोकं. बोर्ड, पिक्चर ट्यूब, पॉवर सप्लाय, सगळं कुणीतरी कधीच काढून नेलेलं. राहिलं होतं ते खोकं.

अशी रिकामी खोकी बरीच सापडतात आणि त्याला कारण आहे. आर्केड चालवणाऱ्यांचा धंदा नाण्यांवर चालायचा. एखादा खेळ लोकांना पाठ झाला की नाणी आटायची. मग अख्खं नवं यंत्र घेण्यापेक्षा आतला बोर्ड, वरची दिव्याची पाटी आणि बटणांची फळी बदलून त्याच खोक्यात दुसरा खेळ बसवायचा, ही सर्रास पद्धत होती. ‘मिस पॅक-मॅन’ हा गाजलेला खेळसुद्धा मुळात असाच जन्मला. जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या कंपनीतल्या तरुणांनी पॅक-मॅन या चक्रव्यूहात पळायच्या खेळाच्या बोर्डावर चढवायचं एक जोडकिट बनवलं होतं. त्याचं नाव ‘क्रेझी ओटो’. १९८२ साली तेच नाव बदलून ‘मिस पॅक-मॅन’ म्हणून बाजारात आलं. खोक्यात नवा मेंदू बसवणं ही आजची खोडी नाही, ती आर्केडइतकीच जुनी आहे.

तरीही जुन्या यंत्रांचे शौकीन ‘इम्युलेशन’, म्हणजे संगणकाने जुन्या यंत्राची नक्कल करणं, म्हटलं की नाक मुरडतात. चालू असलेला मूळ बोर्ड उपटून तिथे छोटा संगणक ठोकून द्यायचा, हे मलाही पटत नाही. पण इथे उपटायला काही उरलंच नव्हतं. मी फक्त एक पथ्य ठेवलं, जे संग्रहालयांत जतनाचं काम करणारे पाळतात: जे करशील ते उद्या कुणाला उलटवता आलं पाहिजे. करवत लावायची नाही, नवं भोक पाडायचं नाही.

पहिला प्रश्न लाकडाचा होता. खोक्याच्या तळाच्या कडा पावासारख्या फुगल्या होत्या. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या चुऱ्याला राळ लावून, गरम दाबाखाली चेपून केलेली फळी. चुऱ्याचे कण चेपलेल्या अवस्थेत गोंदाने जखडलेले असतात. फरशी पुसताना तळाशी पाणी लागतं, कण पाणी पितात, गोंदाची पकड सुटते आणि चेपलेले कण आपल्या मूळ जाडीकडे परत जातात. फळी वाळली तरी ती जाडी उतरत नाही, कारण दाबून धरणारा आता कुणीच नसतो. म्हणून फुगलेली कड शिकंज्यात आवळून बसवण्याचा खटाटोप वाया जातो. मी तो केला. दोन दिवसांनी शिकंजा काढला आणि फळीने हळूहळू पुन्हा श्वास घेतला. शेवटी सडका भाग पटाशीने कोरून, राहिलेल्या भुसभुशीत कणांत पातळ इपॉक्सी मुरवून, वर लांबी भरली आणि पॉलिश पेपरने घासून सपाट केली. करवत लावायची नाही हे पथ्य इथे थोडं वाकलं, पण सडकं लाकूड जपण्याला अर्थ नव्हता. कडेच्या खाचेत नवी टी-मोल्डिंग, म्हणजे टी अक्षराच्या आकाराची प्लास्टिकची पट्टी, ठोकत नेली आणि खोकं दुरून तरी तरुण दिसायला लागलं.

आता मेंदू.

खेळाचा प्रोग्रॅम चिपांमध्ये असतो. पॅक-मॅनचा, तोरू इवातानी यांनी रचलेल्या आणि नामको कंपनीने १९८० साली आणलेल्या खेळाचा, प्रोग्रॅम केवळ १६ किलोबाइट आहे. आजच्या फोनवरचा एक फोटो त्याच्या शंभरपट सहज भरतो. हा प्रोग्रॅम झेड-८० नावाच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला आहे आणि आजच्या संगणकाला ती भाषा कळत नाही. इम्युलेटर त्याचं भाषांतर करत नाही. तो झेड-८०चं सोंग घेतो. प्रोसेसरच्या आत जी मोजकी रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायचे कप्पे, असतात ती तो आपल्या मेमरीत मांडतो, प्रोग्रॅममधली एक आज्ञा वाचतो, खऱ्या चिपने जे केलं असतं ते त्या आकड्यांवर करतो, त्याला किती ठोके लागले असते ते मोजतो आणि पुढची आज्ञा उचलतो. चित्राची चिप, आवाजाची चिप, बटणांची दारं, प्रत्येकाचं असंच सोंग. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ च्या फेब्रुवारीत ‘मेम’ हा इम्युलेटर प्रथम प्रसिद्ध केला आणि पुढे अनेकांच्या हातांनी तो हजारो यंत्रांची सोंगं शिकला.

सोंग किती पक्कं वठलंय हे बघायला माझी आवडती जागा म्हणजे पॅक-मॅनची २५६वी पातळी. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये साठवलेला आहे आणि बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. २५६व्या पातळीला हिशेब शून्यावर घसरतो, तळाशी फळांची चित्रं काढणारा तुकडा गोंधळून ती २५६ वेळा काढत सुटतो, आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं, फळं आणि कचऱ्याने भरून जातो. इम्युलेटरमध्येही नेमकं हेच घडतं. त्यात ‘इथे पडदा बिघडव’ अशी एक ओळसुद्धा नाही. मूळ चूक प्रोग्रॅममध्ये आहे आणि सोंग प्रामाणिक आहे, एवढंच.

सगळ्याच यंत्रांचं असं सोंग घेता येत नाही. १९७२ सालच्या ‘पाँग’मध्ये प्रोसेसरच नव्हता. चेंडू, फळ्या, गुण हे सगळं साध्या लॉजिक चिपांच्या जाळ्यातून घडायचं. तिथे वाचायला प्रोग्रॅम नाही, म्हणून अख्ख्या सर्किटचीच नक्कल करावी लागते आणि ते कितीतरी जड काम आहे. कॅपकॉम कंपनीच्या सीपीएस-२ बोर्डांनी दुसरीच गंमत केली होती. प्रोग्रॅम कुलूपबंद आणि किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत. बॅटरी मेली की किल्ली पुसली जायची आणि धडधाकट बोर्ड ठोकळा व्हायचा. इम्युलेटरवाल्यांनी ते कुलूप उलगडलं नसतं तर आज असे कित्येक बोर्ड शोभेपुरते उरले असते. (प्रोग्रॅमचे मालकी हक्क मात्र बहुतेक ठिकाणी अजून जिवंत आहेत. खोकं तुमचं म्हणून खेळ तुमचा होत नाही.)

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं, कारण आजचा तळहाताएवढा संगणकही झेड-८०पेक्षा हजारपट वेगवान असतो. पण त्याची खरी परीक्षा वेग आवरण्यात आहे. ‘स्पेस इनव्हेडर्स’ १९७८ चा. त्यातले परग्रहवासी जसजसे मरतात तसतसे उरलेले जोरात पळू लागतात. तो रचणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांच्या यंत्रातल्या ८०८० प्रोसेसरला सगळी फौज एका दमात हलवणं झेपत नव्हतं, म्हणून पडद्यावर सेकंदाला साठेक वेळा नव्याने उमटणाऱ्या दर चित्राला एकच जण सरकायचा. ५५ जण असताना अख्ख्या फौजेचं एक पाऊल पडायला ५५ चित्रं, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. एकटा उरला की दर चित्राला पाऊल. यंत्राचा अशक्तपणाच खेळाचा थरार झाला. सोंग घेणाऱ्याने घाई केली तर तो थरार संपला.

आणि ‘सेकंदाला किती चित्रं’ याचं उत्तर गोल ६० नसतं. पॅक-मॅनच्या बोर्डावर १८.४३२ मेगाहर्ट्झचा, ठोके देणारा एक स्फटिक आहे. त्याला तीनने भागून चित्राचा ठोका मिळतो: सेकंदाला ६१ लाख ४४ हजार ठिपके. एका ओळीला ३८४ ठिपके, एका चित्राला २६४ ओळी. यातल्या काही न दिसणाऱ्या, ट्यूबमधल्या किरणाला परत फिरायला दिलेल्या. गुणाकार करून भागा: ६०.६०६. घरगुती पडदा ६० वर चालतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण साधारण दर १.६५ सेकंदांनी एक चित्र जास्तीचं उरतं आणि ते कुठेतरी टाकून द्यावं लागतं. तो बारीक हिसका एकदा दिसला की दिसतच राहतो. नाहीतर अख्खा खेळ एक टक्का हळू चालवायचा. मी हळू चालवतो. आवाज किंचित उतरतो, पण माझ्या कानाला तो कळत नाही. ‘मॉर्टल काँबॅट’सारख्या सेकंदाला सुमारे ५४.७ चित्रं दाखवणाऱ्या खेळाला ही मखलाशी चालत नाही. तिथे वेग मनासारखा बदलू शकणारा पडदाच हवा.

पडद्याबद्दल बोलायचं तर जुनी पिक्चर ट्यूब शाबूत असती तर मी ती ठेवली असती, भीत भीत. रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब लागतो. शिवाय काच मध्ये आणि आत-बाहेर विद्युतवाहक लेप, अशी तिची रचना म्हणजे एक भलामोठा कपॅसिटरच असतो. प्लग काढल्यावरही भार आत दबा धरून बसतो. तो अर्थला नेऊन रिकामा करण्याची रीत माहीत नसेल तर त्या काचेच्या मानेजवळ हात नेऊ नये.

माझ्याकडे ट्यूब नव्हतीच. म्हणून १६०० बाय १२०० ठिपक्यांचा एलसीडी उभा करून, जुन्या चार भोकांतच बसेल अशा पट्ट्यांवर टांगला. लगेच एक मजेशीर पेच आला. पॅक-मॅनचं चित्र २२४ ठिपके रुंद आणि २८८ उंच. पाचपट केलं तर ११२० बाय १४४०. प्रत्येक ठिपका नीट चौकोनी, पण भोवती काळी चौकट, आणि प्रमाण मूळ पडद्यापेक्षा थोडं रुंद. पडदा पूर्ण भरायचा तर आडवं ५.३६ पट आणि उभं ५.५६ पट ताणावं लागतं, आणि एलसीडीला अर्धा ठिपका लावता येत नाही. मग काही ठिपके पाचाचे, काही सहाचे होतात आणि पॅक-मॅन चालताना त्याचं अंग चुळबुळल्यासारखं दिसतं. ट्यूबमध्ये हा प्रश्नच नव्हता. तिथे ठिपका म्हणजे किरणाने रंगवलेला मऊ डाग. उजळ असेल तर थोडा जाड, अंधुक असेल तर बारीक, आणि ओळींच्या मध्ये काळोखाच्या रेघा. चित्रकारांनी चित्रं त्या मऊपणावर बेतूनच काढली. आता तो मऊपणा गणिताने परत आणावा लागतो. पडदा पूर्ण भरून वर रेघांची आणि उजळपणाची नक्कल चढवली, तेव्हा चुळबूळ झाकली गेली.

शेवटचा घोळ माझ्याच हाताने घातला. जॉयस्टिक बसवली, वायरी एन्कोडर बोर्डाला जोडल्या. हा बोर्ड खटक्यांची उघडझाप पाहून संगणकाला ‘कळ दाबली’ असं कळवतो. नाण्याच्या दाराचा खटकाही त्यालाच दिला. मेमच्या नेहमीच्या मांडणीत नाणं म्हणजे ५ ची कळ. सगळं चालू झालं आणि पॅक-मॅन दर तिसऱ्या वळणावर भिंतीला नाक लावून उभा राहायला लागला. मी दोन दिवस इम्युलेटरला शिव्या दिल्या. उशीर मोजला: यूएसबीची विचारणा (संगणक कळा किती वेळाने तपासतो ती), चित्रांची रांग, पडद्याची स्वतःची सुस्ती. वाईट जुळणीत तीन-चार चित्रांचा उशीर होतो, म्हणजे सेकंदाचा पंधरावा-विसावा भाग, आणि तो बोटांना जाणवतो. रांग छाटली, विचारणा दर मिलिसेकंदाला केली. खेळ चपळ झाला, पॅक-मॅन मात्र भिंतीलाच.

कारण लाकडाच्या फळीखाली होतं. मी आठ दिशांची जॉयस्टिक लावली होती. ती तिरकी गेली की दोन खटके एकदम दाबले जातात. पॅक-मॅनच्या जगात तिरकं असं काही नाहीच. वर आणि उजवीकडे एकदम सांगितलं तर प्रोग्रॅम एकाचंच ऐकतो, आणि ते बहुधा तुम्हाला नको असलेलं असतं. मूळ यंत्रात दांडा चौकटीत अडकवलेला असायचा, त्याला चारच दिशा माहीत. जॉयस्टिकच्या तळाची प्लास्टिकची चकती ४५ अंशांत फिरवून परत बसवली. दोन स्क्रू, पाच मिनिटं.

काढलेले जुने स्क्रू, टी-मोल्डिंगचा मूळ तुकडा आणि कुठली वायर कुठे जाते याचा हाताने काढलेला नकाशा एका पाकिटात घालून मागच्या फळीला आतून चिकटवला आहे. कातरलेल्या वायरींचा झुपकाही तिथेच आहे, गुंडाळून. त्यातल्या दोघींवर कुणीतरी पेनाने आकडे लिहिले आहेत. ते कशाचे, हे अजून शोधतोय.